पडून राहण्याचा पूर्वपक्ष

मणक्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की भेटायला येणारे दोन गोष्टी हमखास आणतात: मोसंब्यांची पिशवी आणि ‘आता काही दिवस अजिबात हलायचे नाही’ हा सल्ला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत हे जितके ऐकू येते तितकेच कोयलीच्या रिफायनरीभोवती वसलेल्या कामगारांच्या खोल्यांत. मराठीतले ‘आराम कर’ गुजरातीत ‘आराम करजो’ होते, एवढाच फरक. समजूत अशी की आतले बिघडलेले सर्जनने दुरुस्त केले आहे, आता ते पक्के होईपर्यंत धक्का लागू द्यायचा नाही. जितके कमी हलाल तितके लवकर बरे व्हाल. बाळंतिणीचा सव्वा महिना इथे सहज तीन महिन्यांवर जातो, आणि पलंगाखालचे भांडे उचलण्यात घरच्या बायकांचे दिवस जातात ते कोणी मोजत नाही.

या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. खंडनाला बसायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या बळानिशी मांडावा लागतो, आणि विश्रांतीचा पूर्वपक्ष चांगलाच बळकट आहे. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६३ साली विश्रांती आणि वेदना यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदना ही निसर्गाने दिलेली सूचना असते, दुखरा भाग स्थिर ठेवला की शरीर स्वतःला सावरते, असे त्यांचे प्रतिपादन. पुढे लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी त्याला जवळजवळ धर्माज्ञेचे रूप दिले: विश्रांती सक्तीची हवी, अखंड हवी आणि दीर्घकाळ हवी. थॉमस यांच्या घराण्यात हाडे बसवण्याचा धंदा पिढीजात होता. ते स्वतः मात्र रीतसर डॉक्टर झाले. त्यांच्यापुढे येणारे रुग्ण कोण होते हे पाहिले म्हणजे त्यांचा हट्ट समजतो. सांध्यांचा नि मणक्यांचा क्षय झालेली मुले, आणि क्षयावर औषध नाही. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून अर्धे शतक अवकाश होता. सडत चाललेला गुडघा हलवला तर रोग भडके. बांधून ठेवला तर सांधा आखडे, पण मूल जगे. पहिल्या महायुद्धात थॉमस यांच्याच तालमीत तयार झालेल्या रॉबर्ट जोन्स यांनी त्यांचा स्प्लिंट आघाडीवर नेला आणि मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण त्याने वाचवले. आपल्याकडच्या अस्थिरोग विभागांत तो अजूनही थॉमस स्प्लिंट याच नावाने मागितला जातो.

तेव्हा पडून राहा म्हणणाऱ्यांची परंपरा खोटी नव्हती. फक्त एक गोष्ट विसरली गेली. त्या काळात विश्रांती हाच इलाज होता, कारण दुसरा इलाज नव्हता. आज ती इलाज झाल्यानंतरची सवय आहे.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. हाडांवरची आधुनिक शस्त्रक्रिया ज्या कारणासाठी जन्मली ते कारणच अंथरूण टाळण्याचे होते. मांडी मोडलेल्या माणसाला ट्रॅक्शन लावून, पायाला वजन टांगून (आपल्या सरकारी इस्पितळांत त्या वजनाच्या जागी विटा असत) दोन-तीन महिने उताणे ठेवले जाई. हाड जुळे, पण तोवर गुडघा ताठर, मांडी वाळलेली, पाठीला जखमा, आणि एखाद्याच्या पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन तो दगावलेला. जर्मनीतल्या कीलच्या गेरहार्ड क्युन्चर यांनी १९४०च्या सुमारास हाडाच्या पोकळीत धातूचा लांब खिळा घालायला सुरुवात केली ती रुग्णाला लवकर उभे करता यावे म्हणून. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जनांनी एओ नावाचा गट स्थापन केला. त्यांच्या मूळ तत्त्वांत हाड नीट बसवणे, घट्ट धरून ठेवणे, रक्तपुरवठा जपणे यांच्याच बरोबरीने लवकर हालचाल हे तत्त्व होते. आखडलेले सांधे, सूज आणि वाळलेले स्नायू या परिणामांना ते अस्थिभंगाचाच आजार म्हणत. हाड जुळले तरी हा आजार उरतो, असे त्यांचे निरीक्षण.

आपल्याकडे मात्र उलटे म्हटले जाते: ‘पायात रॉड टाकलाय, हलू नकोस.’ रॉड टाकला आहे म्हणूनच हलायचे असते. रॉड, प्लेट, स्क्रू ही इमारतीची परांची आहे. गवंड्याने काम सुरूच केले नाही तर ती नुसती उभी राहून काय उपयोग? आणि परांची कायमची टिकत नाही. हाड जुळले नाही तर धातू थकून तुटतो. जुळण्यासाठी हाडाला भार हवा असतो. भाराप्रमाणे हाड आपली घडण बदलते हे युलियस वोल्फ यांनी १८९२मध्येच मांडले होते. ऑपरेशनसाठी कर्ज काढायचे आणि ऑपरेशनने जे विकत मिळाले तेच वापरायचे नाही, हा व्यवहार कुठल्याही हिशेबी माणसाला पटू नये.

गुडघ्याच्या बाबतीत पलंगाचे नुकसान अधिक नेमके सांगता येते. गुडघ्यात सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू मेंदूच्या हुकमाला दाद देईनासा होतो. निरोगी माणसाच्या गुडघ्यात प्रयोग म्हणून नुसते मीठपाणी भरले तरी तो स्नायू ढिला पडतो. सांधाबदलानंतर महिनाभरात या स्नायूची ताकद ऑपरेशनआधीच्या निम्म्याहूनही खाली गेलेली आढळते. स्नायू वाळतो तो वेगळा, पण त्याहून मोठा भाग हा न ऐकण्याचा असतो. आणि न ऐकणारा स्नायू ऐकता करण्याला औषध नाही; पाय सरळ ठेवून मांडी आवळणे, टाच सरकवणे, पाय उचलणे, उभे राहणे, हेच करावे लागते. नेमक्या याच दिवसांत घरातले कोणी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवते. वाकलेल्या गुडघ्याला आराम वाटतो खरा, पण आठवड्याभरात तो त्याच कोनात रुळतो आणि पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. लोक विचारतात, ‘गुडघा किती वाकतो?’ गुडघा पुरता सरळ होतो का, हे कोणी विचारत नाही. लंगडत चालणे बहुधा तिथूनच सुरू होते. उशी टाचेखाली हवी.

मणक्याचे भय त्याहून मोठे, कारण तिथे अर्धांगाची भीती असते. कमरेची सरकलेली चकती काढल्यावर महिनोन्‌महिने वाकायचे नाही, बसायचे नाही, पट्टा सोडायचा नाही, हा पाठ घरोघरी माहीत आहे. स्टॅनफर्डच्या यूजीन कॅरेगी यांनी १९९९मध्ये १५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर या रुग्णांवर कसलेच निर्बंध घातले नव्हते. जमेल तसे कामाला लागा, एवढेच सांगितले होते. चकती पुन्हा सरकण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही. त्याआधी १९८६मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणाची विश्रांती सांगून पाहिली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले. बाकी कशातही फरक पडला नाही. १९९५मध्ये हेलसिंकीच्या नगरपालिकेतल्या कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. त्यात रोजचे व्यवहार जमतील तसे चालू ठेवणारे सर्वांत आधी बरे झाले. ही दोन्ही ऑपरेशन न झालेल्या पाठीची उदाहरणे आहेत, असा आक्षेप रास्त आहे. पण १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अॅलन, ग्लॅझिओ आणि डेल मार यांनी १५ वेगवेगळ्या स्थितींवरच्या ३९ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांपैकी २४ चाचण्या कसल्या ना कसल्या वैद्यकीय प्रक्रियेनंतरच्या विश्रांतीच्या होत्या. एकाही परिणामात विश्रांतीने लक्षणीय सुधारणा दिसली नाही. आठांत नुकसान दिसले. त्या प्रक्रिया बहुतेक छोट्या होत्या, गुडघा बदलण्यासारख्या नव्हत्या, हे मान्य. तरी सिद्ध करण्याचा भार आता विश्रांतीच्या बाजूवर आहे.

‘पण दुखते त्याचे काय?’ हिल्टन यांचा मुद्दा इथे परत येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ऑपरेशननंतरची प्रत्येक कळ धोक्याची नसते. व्यायामाने वाढलेले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जागेवर आलेले दुखणे हे बहुधा कामाचे दुखणे असते. आदल्या दिवशी थोडे जास्त झाले, आज थोडे कमी करायचे, इतकेच. पोटरी एकाएकी सुजून तापली, धाप लागली, जखमेतून पाणी-पू येऊ लागला, ताप चढला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायात नवी कमजोरी आली, तर ते वेगळे. तिथे व्यायामही नको आणि आरामही नको, थेट इस्पितळ. वेदनेला एकच अर्थ देणारा हिल्टन यांचा सिद्धांत सडणाऱ्या सांध्यासाठी होता.

बडोद्याच्या वाचकाला मी एक आठवण करून देईन, कारण हालचालीचा पक्ष हा काही परदेशी शोध नव्हे. याच शहरात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी ते नावारूपाला आणले. लाठी, मल्लखांब, सांघिक कवायत ही त्यांची एक बाजू. हाडे-सांधे बसवणे, मालीश आणि मग त्याच अवयवाला हळूहळू व्यायामाला लावणे ही दुसरी. आखाड्यात मोडलेला गडी आखाड्यातच उभा राहायचा, घरी पलंगावर नव्हे. व्यायामाची मराठीतली मोठी विद्या याच गावात जमली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ बडोद्यातच सिद्ध केला. अर्थात हाडवैद्यांचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनी रक्त अडून हात वाकडे झालेली, बोटे काळी पडलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत ते अस्थिरोगतज्ज्ञ या परंपरेवर चिडतात ते उगाच नाही. मोडलेल्या कोपराला मालीश केली तर स्नायूतच हाड धरते, हेही खरे. आखाड्याचे निदान चुके, क्ष-किरण नव्हता. पण बरे होणे हे कष्टाचे काम आहे आणि ते ज्याचे त्यानेच करायचे असते, ही त्याची समज बरोबर होती, आणि इस्पितळे आली तेव्हा आपण निदानाबरोबर ही समजही आखाड्यातच सोडून आलो.

या संदर्भात मुरलीकांत पेटकरांचे नाव निघतेच. सांगली जिल्ह्यातले पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यांतली एक कण्यात राहिली, कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक घेतले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांच्यावर चित्रपट निघाल्यापासून ही कथा भाषणांत फार वापरली जाते, आणि तिच्यावरून ‘मनात आणले तर काहीही होते’ असे तात्पर्य काढले जाते. मला ते मान्य नाही. एका असामान्य माणसाची गोष्ट हा पुरावा होत नाही. शिवाय ते न जमलेल्या शेकडो जणांना ती अपराधी वाटायला लावते. पुरावा पाहायचा तर स्टोक मँडेव्हिलमध्ये पाहावा. १९४४पासून लुडविग गुटमान यांनी तिथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावले, मूत्रमार्गाची काळजी घेतली आणि अंथरुणातून काढून खेळायला-कामाला लावले. तोपर्यंत असे रुग्ण पाठीच्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने काही महिन्यांत मरत. गुटमान यांच्या हाताखाली ते जगू लागले. तिथे जे घडले ती शिस्त होती, चमत्कार नव्हता, आणि शिस्त शिकवता येते. पुण्याजवळ खडकीला जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४पासून चालू आहे ते याच विचारावर.

एवढे झाल्यावर दुसऱ्या टोकाचाही समाचार घ्यायला हवा, कारण ते टोक आता जाहिरातींच्या फलकांवर आहे. ‘आज ऑपरेशन, उद्या जिना.’ ऑक्टोबर २०००मध्ये ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी उजवा, आणि सांधाबदल हा शब्द घरोघरी पोचला. सर्जनचे नाव लोकांच्या लक्षात राहिले. नंतर रोज पाय वाकवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे कोणाला ठाऊक नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभी या विद्येची शाळा निघाली, तरी आजही तिला ऑपरेशनच्या पॅकेजातली शेवटची ओळ समजले जाते. घाईचा तोटा लिगामेंटच्या शस्त्रक्रियेत सर्वांत स्पष्ट दिसतो. गुडघ्यात बसवलेला नवा दोर सुरुवातीला मजबूत असतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरून तो नव्याने घडताना काही आठवडे उलट कमजोर होतो, आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते. नॉर्वेतल्या २०१६च्या अभ्यासात मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले तितकी पुन्हा इजा होण्याची शक्यता दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटलेली आढळली. पलंगावर झोपवणारा आणि जिन्यावर धाडणारा या दोघांची चूक एकच: दोघेही दिवसांचा एक आकडा सांगतात, पेशींना किती वेळ लागतो हे विचारत नाहीत. गुडघ्यातला मेनिस्कस शिवला असेल, कण्याचे हाड अस्थिर असेल, मांडीचा स्नायुबंध जोडला असेल तर त्या भागाला त्या दिवसांपुरती सक्तीची स्थिरता हवीच. पण ती त्या भागाला. घोट्याला, दुसऱ्या पायाला, हातांना, फुप्फुसांना नाही.

स्वीडनमधल्या एका चाचणीत १२१ तरुणांच्या तुटलेल्या लिगामेंटवर एका गटात लगेच शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्यात आधी शिस्तीचा व्यायाम, गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर ऑपरेशन लागलेच नव्हते. म्हणजे ज्याला आपण ऑपरेशननंतरची किरकोळ बाब मानतो तीच कित्येकदा मुख्य उपचार असते.

‘हे सगळे पैसेवाल्यांचे’ हा आक्षेप कोयलीत ऐकावा लागेल, आणि तो खोडता येतो. सिडनीत १६५ सांधाबदल रुग्णांपैकी काहींना दहा दिवस पुनर्वसन रुग्णालयात ठेवले, काहींना थेट घरी व्यायामाला लावले. २६ आठवड्यांनी सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात फरक नव्हता. पाय आपोआप वाकवणारे भाड्याचे यंत्र तर बहुतेकांनी आणूच नये; चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत त्याचा फायदा सरासरी दोनेक अंशांचा भरला. लागते ते एक खुर्ची, एक टॉवेल, भिंत, आणि पहिल्या काही आठवड्यांत नजर ठेवणारा जाणकार.

खरी अडचण पैशाची आहे, पण वेगळ्या जागी. कोयलीची रिफायनरी १९६५मध्ये सोव्हिएत मदतीने सुरू झाली आणि तिच्याभोवती बाजवा-रणोलीपर्यंत कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. तिथल्या फिटरला, रिगरला, शटडाउनपुरत्या आलेल्या कंत्राटी वेल्डरला बरे होणे म्हणजे ९० अंश वाकणारा गुडघा नव्हे. त्याला पिंजऱ्याची उभी शिडी चढायची असते, पाइपांखाली उकिडवे बसायचे असते, वर हत्यारांची पिशवी न्यायची असते. ही ताकद टप्प्याटप्प्यानेच येते, आणि टप्प्यांना आपल्या विम्याच्या चौकटीत जागाच ठेवलेली नाही. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तात्पुरते अपंगत्व म्हणजे काय ते ठरवताना, इजेच्या वेळी जे काम करत होता ते करण्यास असमर्थ, अशी व्याख्या केली. असमर्थ असेपर्यंत वेतनाच्या ९० टक्के भत्ता. कामगारांसाठी हा मोठाच आधार, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच कायद्याच्या ६३व्या कलमाने ज्या दिवशी मजुरी घेऊन काम केले त्या दिवसाचा भत्ता बंद केला. म्हणून चौथ्या महिन्यात स्टोअरमध्ये बसून अर्धा दिवस नोंदी करण्याइतका बरा झालेला माणूस ते करत नाही. अर्ध्या मजुरीसाठी पूर्ण भत्ता कोण सोडेल? तो घरी पडून राहतो, ‘फिट’चा कागद मिळतो, आणि दुसऱ्या सकाळी तो थेट परांचीवर असतो. फिनलंडने २००७मध्ये अर्धवेळ काम करणाऱ्याला अर्धा आजारभत्ता द्यायला सुरुवात केली. जर्मनीत तर तास हळूहळू वाढवत कामावर परतताना भत्ता चालूच राहतो. अशी पायरी इथे येईपर्यंत पेन्शनर आजोबांना उशी टाचेखाली ठेवायला सांगितले तर ते ऐकतील, रिगरला मात्र त्याचे पगारपत्रकच पडून राहायला सांगत असेल.